बावीस वर्षांची डीकनकी

२४ नोव्हेंबर १९५७, रविवार

उपासनेनंतर चार भेटी. मालाडला एक, गोरेगावला दोन, मरोळला एक. सायकलची चेन दोनदा उतरली. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. मरोळला म्हाताऱ्या अनंतरावांच्या उशाशी बसून स्तोत्र वाचलं, तर ते तिसऱ्या ओळीलाच घोरू लागले! मीही भिंतीला टेकून डोळा लावला. देव क्षमा करो. बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा मालन जेवायची थांबलेली. ताट वाढता वाढता म्हणाली, "शुभाचं पत्र आलंय. फेब्रुवारीची अखेर सांगितलीय. डॉक्टरीणबाई प्रवास नको म्हणतात, तेव्हा बाळंतपण नगरलाच." मग वरण वाढून — "या खेपेला तुम्ही यायचं."

मी हो म्हटलं. तिनं मान वर केली नाही. माझं 'हो' तिला पाठ आहे.

२५ नोव्हेंबर

आज मालन स्पष्टच बोलली. जानेवारीत चर्चची वार्षिक सभा. चर्चची मंडळी दरवर्षीसारखं डीकन म्हणून, पाळकाच्या हाताखालचा सेवक म्हणून, माझंच नाव घेणार. मी उभं राहून नाही म्हणायचं. डीकन असलो की कुणीतरी आजारी पडतं, कुणाचं तरी भांडण होतं, कुणीतरी मरतं — आणि नगरची गाडी चुकते. "बावीस वर्षं झाली. पुरे की आता!"

शब्द दिला.

गेल्या वर्षीचं लिहायचं टाळत आलो. आता लिहितो. शुभाच्या सासरहून तार आली — सातव्या महिन्यातच बाळंत झाली, निघून या. मालन मिळेल त्या गाडीनं गेली. मी म्हटलं, उद्या येतो. कारण त्याच सकाळी आमच्या मंडळीतले मधुकरराव वारले होते. पाळकसाहेब पुण्याला. शवपेटी, परवाना, खड्डा खणणारी माणसं — सगळं डीकनच्या गळ्यात. उद्याचा परवा झाला. मग मधुकररावांच्या भावांची भांडणं निघाली, ती मिटवत बसलो. सहाव्या दिवशी नगरला पोचलो.

मुलगा होता. दीड दिवस जगला.

या हातांनी मंडळीतल्या साठएक माणसांना तरी माती दिली असेल. माझ्या नातवाला परक्यांनी दिली. शुभा एका शब्दानं बोलली नाही. "बाबा, चहा घ्या," एवढंच. मालननंही वर्षभर विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर

पहिला रविवार, प्रभुभोजन — भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोट. द्राक्षारसाच्या जागी आम्ही मनुकांचा रस वापरतो. बाहेर सगळे म्हणाले, "डीकनसाहेबांच्या हातचा रस म्हणजे काय विचारता!" मी हसलो. मनुका तेवढ्या मी आणतो. निवडते, भिजवते, उकळते, गाळते ती मालन. कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा.

१४ डिसेंबर

दमलो. नाताळ अजून यायचाच आहे.

२५ डिसेंबर

नाताळ झाला. अठ्ठावीस घरी करंज्या खाल्ल्या. आमच्या घरच्या राहिल्या.

५ जानेवारी १९५८, रविवार

आज वाट लागली! मालन आठवडाभर तापानं पडून होती. म्हटलं, रस मीच करतो, त्यात काय एवढं? मंगळवारीच मनुका भिजत घातल्या — जास्त मुरतील म्हणून — आणि भांडं चुलीच्या उबेला ठेवलं. उकळायच्या असतात हे विसरलो. आज सकाळी तसंच गाळलं. फेस आला होता. मला वाटलं, चांगल्या जातीच्या मनुका आहेत.

पाळकसाहेबांनी पेला ओठाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्यातले सगळ्यात जुने डीकन अण्णा, ते दाराशी मला गाठून म्हणाले, "श्यामराव, अहो, दारूबंदी आहे ना राज्यात? पोलीस येतील की!" अनंतरावांना मुलानं उचलून आणलं होतं. ते आज घोरले नाहीत. आणखी आहे का म्हणून विचारत होते.

घरी सांगितलं तर मालन तापातसुद्धा पोट धरून हसली. किती महिन्यांनी!

१२ जानेवारी

अण्णा घरी आले. चहा झाला. मग, "पुढल्या रविवारी तुमचं नाव मीच सुचवणार."

नाही म्हणायचं होतं. ओठांवर होतं. अण्णांचे डोळे पाणावले — "तुम्ही सोडलंत तर मंडळीचं कसं व्हायचं हो? माझ्याच्यानं आता होत नाही."

मी म्हटलं, "बघू."

ते गेल्यावर मालन दारात उभी. "बघू? बघू म्हणालात तुम्ही?" ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. "मी एकटीच जाईन नगरला. सवय आहे."

तेव्हापासून बोललेली नाही. खरं सांगायचं तर मला कुणी 'डीकनसाहेब' म्हटलं की गोड वाटतं. कामानं जीव जातो आणि नावानं परत येतो. हे मालनला माहीत आहे. मला आजच कळलं.

१९ जानेवारी, रविवार

सभा झाली. सगळं जसं घडलं तसं लिहितो.

अण्णांनी माझं नाव घेतलं. हात वर होऊ लागले. मी उठलो. म्हटलं, "मला मोकळं करा. माझी मुलगी बाळंत व्हायची आहे. गेल्या खेपेला मी वेळेवर गेलो नाही. नातू गेला, त्याला माती द्यायलाही मी नव्हतो."

हे मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. पाळकसाहेबांनी विचारलं, "मग दुसरं नाव?" कोण देणार! पुरुषमंडळी आपापल्या चपलांकडे बघत बसली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुगंधाबाई उठल्या — मधुकररावांच्या पत्नी. म्हणाल्या, "हे गेल्या वर्षी कधी झालं?"

मी सांगितलं. ज्या दिवसांत तुमच्या घरी होतो, त्याच दिवसांत.

त्या मटकन खाली बसल्या. पुन्हा उठल्या. "मला कुणी सांगितलंच नाही. नगरहून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मालनबाई माझ्याकडे आल्या. चूल पेटवली, पोरांना न्हाऊ घातलं, महिनाभर येत होत्या. मी यांच्या गळ्यात पडून रडायची! आणि यांनी एकदासुद्धा..." मग डोळे पुसून एकदम मोठ्यानं — "माझं नाव लिहून घ्या, मी सुचवते. मालनबाई."

अण्णा म्हणाले, "अहो, बाईमाणूस कसं..."

"का? नियमात काय लिहिलंय?"

पाळकसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. चष्मा लावला. 'मंडळीचा कोणीही सभासद' असं लिहिलं होतं. "बाई सभासद नाही वाटतं?" सुगंधाबाईंनी विचारलं. आधी बायकांचे हात वर झाले. मग तरुण पोरांचे. शेवटी अण्णांचाही.

मालन माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, नको म्हणेल. मला वाटलं होतं तिला या कामाचाच तिटकारा आहे.

ती म्हणाली, "करीन."

बावीस वर्षांत तिला कधी विचारावंसं मला वाटलं नाही. लाज वाटते.

२० जानेवारी

मालन बोलू लागली. अजून मालाड-गोरेगावचे पत्ते विचारण्यापुरतंच.

२६ जानेवारी

अडचण. दोन तारखेला डीकन म्हणून मालनचं पहिलं प्रभुभोजन, त्याआधी पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून तिची नेमणूक करणार. तिला थांबणं भाग आहे. आणि शुभा गेल्या खेपेला आधीच बाळंत झाली होती, तेव्हा कुणीतरी आत्ताच जायला हवं. मालन डिंकाचे लाडू वळत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी तीन तारखेला निघते."

"मी एकटा? मी तिथे काय करू?"

"बसा तिच्याजवळ. लोकांकडे बसता तसे."

३० जानेवारी, नगर

शुभानं दार उघडलं. माझ्या पाठीमागे बघितलं. "आई कुठाय?"

"आई डीकन झाली. सोमवारी निघतेय. तोवर मी आलोय."

आधी हसली. मग उंबऱ्यावरच बसली आणि रडली — गेल्या वर्षीचं सगळं. मी शेजारी बसलो. प्रार्थना सुचली नाही. दुपार झाली तरी उठलो नाही.