शेवटच्या दहा सीडी

वाजिद,

तू घरी काढलेल्या तुझ्या गाण्यांच्या चाळीस सीडींवर मार्करने नावं लिहून झाली. हार्मोनियमशेजारी ठेवल्यात. पण ताम्हिणीच्या ढाब्यांवर विकायला न्यायच्या आधी शेवटच्या दहा बघ. त्यांवर 'गुरू' म्हणून बावधनच्या सरांऐवजी मी माझं नाव लिहिलंय. त्यांनी तुला दोन वर्षं शिकवलं, मी आठ. काल फोनवर तू त्यांना हसत म्हणालास, "फुफीनं नुसती बडबडगीतं शिकवली." ते ऐकून मी जळले. शाळेतल्या पोरांना मात्र सांगते, दुसऱ्याच्या पाटीवर आपलं नाव लिहू नये.

कपाटात स्पिरिट आहे, कापसानं पुसलं की नाव निघेल. मी शिकवणीला जातेय. नऊ पूस. एक माझ्यासाठी तशीच राहू दे.

शाइस्ता फुफी