गणपतीतली गोळी

२३ ऑगस्ट, शनिवार
बुधवारी बाप्पा! लॅबमधून आले तर आईने पाळी पुढे ढकलायची गोळी हातात ठेवली. सोवळ्यात अडचण नको म्हणून आमच्याकडे सगळ्या बायका दर वर्षी घेतात. डॉक्टरला कोण विचारतंय? केमिस्टला नुसतं "गणपतीची" म्हटलं की तो देतो.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आल्या. गॅलरीत शेजारच्या नलूमावशीला फुगडीत दमवलं! आमचा धाकटा वैभव म्हणाला, "आकांक्षाताई, एरवी सारखी पोट धरून बसतेस, गणपतीत बरं अंगात येतं तुझ्या." आई म्हणाली, "बाप्पाची कृपा." असेल बाबा. मी आज अकरा मोदक हाणले.

१० सप्टेंबर, बुधवार
गोळ्या संपल्या, पाळी आली. मेले! लॅबला दांडी. आईचं नेहमीचंच — "बायकांच्या जातीक ह्यां असताच."

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मी महामूर्ख आहे.

दोन वर्षं परळच्या लॅबमध्ये एंडोमेट्रिओसिसच्या स्लाइड्स बघतेय. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर भलतीकडेच रुजतो, अंडाशयावर, आतड्यावर. इस्ट्रोजेनने हाक मारली की पेशीत ओ देणारे दोघं असतात, अल्फा आणि बीटा. या आजारात बीटा बेसुमार वाढतो. मग सूज, दुखणं, आणि इस्ट्रोजेनला आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचंही नीट चालू देत नाही. आज स्लाइडवर बीटाचा तपकिरी रंग नुसता माखलेला! लॅबच्या मॅडम खूश. आणि माझं ओटीपोट ठसठसत होतं.

पाळी नसतानाही ठसठसतं. मी त्याला गॅस म्हणते. पण गॅस असता तर अकरा मोदकांनी वाढला असता ना? उलट गेला! गणपतीतली गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनचीच बहीण, या आजारावर देतात तीच. सगळ्यांना नाही, पण पुष्कळ जणींना लागू पडते. बाप्पाला फुकट श्रेय!

मृणालिनी मॅडमना सांगितलं. चष्मा काढून म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार. सोमवारी डॉक्टरकडे. स्लाइड्स मी बघते."

२४ सप्टेंबर, बुधवार
रिपोर्ट आला. डाव्या अंडाशयावर गाठ, तीच भानगड. घाबरले. पण खरं सांगू? आधी हायसं वाटलं. नाटकं नव्हती माझी! त्याला नाव आहे!

डॉक्टरीणबाई केमिस्टच्या गोळीवरून चांगल्याच ओरडल्या. मग त्याच घराण्यातली रोजची गोळी दिली, तपासण्यांसकट. ऑपरेशन सध्या नको म्हणाल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार
कंदील टांगायला स्टुलावर मीच चढले. खाली उतरल्यावर लक्षात आलं, आठवडाभर ठसठस नाही. साधा शनिवार इतका भारी असतो? लोकांना रोज असंच वाटतं? वैभवला उगाच एक धपाटा घातला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमनी माझे बीटाचे आकडे मीटिंगमध्ये दाखवले. टाळ्या! येताना हिंदमाताला आईसाठी साडी घेतली. रंगावरून बोलणी खाल्ली.

९ नोव्हेंबर, रविवार
जेवणं झाल्यावर आईला सगळं चित्र काढून समजावलं. गोळी काय करते, बीटा काय करतो. ती मान हलवत मेथी निवडत होती. मग खाली बघूनच म्हणाली,

"माकाव फक्त गणपतीतच बरां वाटायचां गो."