तळाशी पाणी

३ मार्च
कालच्या नोंदीत एक चूक आहे. मला मिळालेली खोली स्वयंपाकघरावर नाही, एक्स-रेच्या खोलीवर आहे. बाकी सगळं खरं: खिडकी मोठी, गादी नवी, आणि काकूने माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलेलं. खाली काकांचा दवाखाना, वर घर. डॉक्टरकीच्या परीक्षेपर्यंत इथेच राहायचं. छातीची पहिली एक्स-रे फिल्म मला काकांनीच दाखवली होती, मी शाळेत असताना. गेल्या वेळी तोंडी परीक्षेत मी प्रत्येक उत्तराला ‘कदाचित’ जोडलं आणि नापास झाले. काका म्हणाले, ती खोड मोडू.

९ मार्च
सकाळी मधुमेहाच्या गोळ्यांची उजळणी: कोणती मूत्रपिंड तपासून द्यायची, कोणती अंगात पाणी धरते. दुपारी फिल्म, कुणा बाईची, नाव नसलेली. हृदय किंचित मोठं वाटलं. मी म्हटलं, कदाचित. काका रागावले नाहीत. अधिक स्पष्ट फिल्म दाखवतो म्हणाले.

२३ मार्च
पुन्हा बिननावाची बाई. हृदय छातीच्या निम्म्याहून रुंद. पण श्वास नीट भरून घेतला नसला तरी तसं दिसतं, मग छातीठोक कसं सांगू? कदाचित, म्हटलं. म्हणजे अजून स्पष्ट फिल्म हवी, काका म्हणाले.
काकूला चपला घट्ट होताहेत. स्वतःच्या हातचं खाऊन फुगले, म्हणते.

६ एप्रिल
फुप्फुसांचे खालचे कोपरे बुजलेत. दोन्ही तळांशी पाणी. डाव्या बरगडीवर जुन्या, भरून आलेल्या फ्रॅक्चरची खूण — आधीच्या फिल्मवरही होती. एकच बाई.
संध्याकाळी काकू जिन्यात धापा टाकत बसली. म्हणाली, “तुझे काका दर सोमवारी माझा फोटो काढतात बघ. लग्नातसुद्धा एवढे काढले नव्हते.”

७ एप्रिल
काकूची मधुमेहाची गोळी पाहिली. पाणी धरणारी. तिचं हृदय आधीपासून दुबळं. अशांना ती द्यायची नसते — काकांनीच शिकवलं.
त्यांच्यासमोर ठाम सांगितलं. हृदय थकलंय, गोळी बंद करा. ‘कदाचित’ नाही.
खूश झाले. पाठ थोपटली. गोळी आजपासून बंद. म्हणाले, “पहिल्या फिल्मलाच बोलली असतीस, तर एवढं वाढवावं लागलं नसतं.”

८ एप्रिल
काकांनी तिच्यासाठी नवी गोळी आणलीय. साखर झपकन उतरवणारी. आधी घाम, मग थरथर, मग गुंगी — मी कोणत्या टप्प्यावर ओळखते ते बघणार. शुक्रवारपासून काकूची न्याहारी बंद.
काकूला सगळं सांगितलं. हसली. आधी तू पास तर हो, म्हणाली.
नाही. उद्या, गुरुवार, नऊ एप्रिल, काका पेशंट तपासायला बसले की तिला मागच्या दाराने मोठ्या हॉस्पिटलात —