सर्वांत भारी चाल कोणाची?

प्रिय आत्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (वाकलं की आधी तेच भेटतात, म्हणून वेगळा उल्लेख.) उजवा अजून जिना चढताना कुरकुरतो का? बाबा सांगत होते की तू हल्ली भिंतीला धरून चालतेस, आणि कोणी विचारलं तर भिंतच तुला धरून उभी आहे असं म्हणतेस. खरं काय ते कळव. मी बरी आहे. म्हणजे बरी असावी. दुसरी बाजू अजून तपासलेली नाही.

वाचनालयातली माझी नोकरी अजून कच्ची आहे हे तुला माहीत आहेच. गेल्या महिन्यात ग्रंथपालबाईंनी (चष्मा न लावता नुसत्या पाठीवरून पुस्तक ओळखतात, माझा त्यांच्यावर फार जीव आहे) मला बोलावून सांगितलं, की वरच्या मजल्यावरचं सभागृह रिकामं पडून असतं म्हणून मंडळ ते गादीवाल्याला गोदामासाठी द्यायच्या विचारात आहे, आणि सभागृह गेलं की ते सांभाळणारीही गेली. तेव्हा लोक आण. लोक कशाने येतात, असं मी विचारलं. "ऐकायला कोणी येत नाही गं. भांडायला बोलावलंस तर खुर्च्या घरून घेऊन येतील," बाई म्हणाल्या.

आता तू घडवलेल्या मुलीला भांडण लावायला सांगणं म्हणजे दुधाला मांजराच्या राखणीला बसवण्यासारखं आहे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी अक्षरं गिरवली ती या एकाच नियमावर, की समोरच्याची बाजू आधी अशी मांडायची की तोच म्हणाला पाहिजे, "हो, हेच!" मग आपलं तोंड उघडायचं. (त्यामुळे शाळेत गेले तेव्हा माझी पाळी येईपर्यंत तास संपलेला असायचा.) तरी मी गावाची नीट पाहणी केली. इथे लोक तीनच गोष्टींवरून मनापासून भांडतात. एक म्हणजे घोगऱ्या नावाने ओळखला जाणारा गायक आणि त्याची गाणी. दुसरा इथल्या फुटबॉल संघाचा आघाडीवीर, ज्याला चालण्यावरून सगळे प्रेमाने बदक म्हणतात. आणि तिसरा लंगडा राजा, ज्याने आठशे वर्षांपूर्वी दलदलीतून चाल करून नदीपलीकडचा किल्ला घेतला (पहिल्या खेपेला अर्ध्यातून मागे फिरला होता, पण त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही). म्हटलं, तीन शनिवारी तीन वाद ठेवू, आणि तसा मजकूर लिहिला: लोकप्रिय संगीतातील कोणती चाल, फुटबॉलमधील कोणती चाल आणि मध्ययुगीन इतिहासातील कोणती चाल (स्वारी या अर्थी) आपणांस श्रेष्ठ वाटते, हे परस्परांचा आदर राखून व विरुद्ध मताची शक्यता गृहीत धरून मांडण्यास अगत्याने यावे.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने तो शिडीवर उभं राहून वाचला. "ताई, हे वाचून होईस्तोवर माणसाची बस निघून जाईल. आणि तिन्हीकडे चालच आहे ना? मग तीनदा कशाला?" दुसऱ्या दिवशी चौकात पाटी लागली. 'सर्वांत भारी चाल कोणाची? शनिवारी वाचनालयात या आणि भांडा.' खाली वेळ. बाकी काही नाही. अक्षर मात्र इतकं देखणं, की त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

शनिवारी सभागृह भरलं, आत्या. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा माणसं. प्रत्येक जण आपापल्या भांडणाला आलेला आणि उरलेले दोन वादही तिथेच आहेत याची कोणालाच कल्पना नाही. मी घसा खाकरून खुलासा करायला उठले, तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष (पेशाने दातांचे डॉक्टर, घोगऱ्याचे भक्त; दात उपटताना त्याचीच गाणी गुणगुणतात) उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "ती चाल अशी संथ सुरू होते, मग खाली खाली जाते. वाटतं, संपलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग जी उसळते!"

"अगदी! मी रडलो होतो!" संघाचा मफलर गुंडाळलेले पोस्टमनकाका ओरडले.

"आणि तीही चिखलातून!" इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

"वा! चिखलातून! काय बोललात बाई!" डॉक्टरांनी त्यांना हात जोडले. मला वाटलं, आपण आता खुलासा करणं म्हणजे भरल्या घरात पाल चुकचुकल्यासारखं होईल. इतकी एकवाक्यता मी आपल्या घरातही पाहिलेली नाही. पण पोस्टमनकाकांना राहवलं नाही. "आणि शेवटी गोलकीपरच्या दोन पायांमधून!"

"किल्ल्याला गोलकीपर?" शिक्षिका म्हणाल्या.

"कसला किल्ला? मी बदकाबद्दल बोलतोय."

"राजाला बदक म्हणता? लाज नाही वाटत?"

मग जे झालं त्याचं वर्णन मी निःपक्षपातीपणे करू शकत नाही, कारण ते मला फार आवडलं. मतभेदापेक्षा आपलं चुकून एकमत झालं याचाच लोकांना जास्त राग आला होता. शिक्षिकाबाईंनी टाचणीपेटीतल्या टाचण्यांची दलदल मांडली, पोस्टमनकाकांनी त्यांच्याच खुर्चीला वळसा घालून बदकाची चाल करून दाखवली, आणि डॉक्टर मधोमध उभे राहून गातच राहिले. एवढं प्रेम माणसं कुठे साठवून ठेवतात गं? शेवटी कोणीतरी म्हणालं, पाटी हिची, हिलाच विचारा. मी तुझ्या नियमाने आधी तिघांच्याही बाजू मांडल्या. तिन्हीकडून "हो, हेच!" आलं. "मग तुझं काय?" डॉक्टरांनी विचारलं. आणि आत्या, माझ्या तोंडून निघून गेलं, की सगळ्यांत भारी चाल म्हणजे लंगड्या राजाची पहिली, मागे फिरण्याची. सगळी माणसं जिवंत घरी आणली म्हणून तर दुसऱ्या खेपेला ती त्याच्याबरोबर गेली. गाण्यातही तो गप्प बसण्याचा क्षणच मोठा, आणि फुटबॉलमध्ये मागे दिलेला पास.

सगळं सभागृह एक झालं. माझ्याविरुद्ध. "मागे पास?" पोस्टमनकाकांनी मफलर काढून जमिनीवर टाकला. डॉक्टर तर टेबलावर हात आपटून ओरडले, "ही मुलगी साफ चुकते आहे! हिला सोडू नका!" ग्रंथपालबाईंनी सभेच्या इतिवृत्तात तेवढंच एक वाक्य घेतलं: हिला सोडू नये, असे अध्यक्षांचे आग्रहाचे मत पडले.

तेव्हा सगळं छान आहे, काळजी नसावी. बाबांना सांग की मी वेळेवर जेवते. गुडघ्यांना जप.

तुझी,
भाची

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. बाई म्हणतात, एका गर्दीने मंडळ बधणार नाही. येत्या शनिवारीही सभागृह भरलं पाहिजे, तरच मी पक्की. मला हरलेली बघायला सगळे येतीलच, पण हरवणारं माणूस तोलामोलाचं हवं. "मागे फिरला तो राजा कसला!" असं म्हणत टेबलावर लाटणं आपटणारी माझ्या ओळखीत एकच आहे. तू येशील का? वर चढायची चिंता नको. पोस्टमनकाका आणि पेंटर तुला खुर्चीसकट उचलून नेतील, दोघांनी कबूल केलंय.

ता. क. २. माझं ते मत खरंच माझं आहे की ती बाजू रिकामी दिसली म्हणून मी तिथे जाऊन बसले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू समोर आलीस की कळेल. तोवर कोणाला सांगू नकोस.

ता. क. ३. चौकात नवी पाटी लागली आहे. 'सर्वांत भारी चाल कोणाची? आत्या विरुद्ध भाची.' पेंटरला चित्र काढायचं होतं म्हणून त्याने विचारलं, आत्या कशा चालतात? मी खरं तेच सांगितलं. भिंत फार सुरेख आली आहे. बाकीचं तू स्वतः येऊन बघ आणि त्याच्याशी काय भांडायचं ते भांड.