भुईमुगाच्या निकालात डुक्कर कुठे बसवावं

सर, तुम्ही गेल्यानंतर आपल्या संशोधन केंद्रात बरंच बदललं. पिकांच्या चाचण्यांचे निकाल आता माणसांसाठी लिहायचे नसतात. सरासरी, फरक, सगळं विश्लेषण झालं की ते एका ठरावीक साच्याच्या फाईलमध्ये काढून वर पाठवायचं. तिकडे ते यंत्र वाचतं. यंत्राला आपले शेरे चालत नाहीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तक्त्यात एक चौकट रिकामी सोडली होती. डब्यातली पोळी हातात तशीच धरून तुम्ही मला विचारलं होतंत, "पीक आलं नाही, का तू मोजाले गेलीच नाही? रिकाम्या जागेतून मले काय समजन?" तेव्हापासून मी कारण लिहिते. परवाही मुकुटबनच्या शेतातल्या, भुईमुगाच्या नव्या वाणाच्या एका वाफ्यापुढे इमानदारीने लिहिलं: डुकरांनी खाल्ला. फाईल परत आली. तिथे फक्त अंक चालतो.

आपले संगणकवाले भाऊ शेजारीच होते. म्हणाले, "शून्य टाका ना, ताई. खाल्लंच तर आहे समदं." शून्य टाकलं तर नव्या वाणाची सरासरी कोसळते आणि चांगला वाण यंदाच बाद होतो. जागा रिकामी ठेवली तर कारण यादीतून निवडावं लागतं: अतिवृष्टी, कीड, रोग, माहिती उपलब्ध नाही. "डुक्कर म्हंजे कीडच हाये जी," भाऊ म्हणाले, "फवारता येत नाही एवढंच." पण कीड निवडली की या वाणावर कीड पडते अशी कायमची बदनामी. मी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई अदबीने म्हणाल्या, "मॅडम, यादीत प्राणी पुढच्या वर्षी येणार आहेत."

"आता यायचं काय राह्यलं?" भाऊ म्हणाले. "येऊन, खाऊन गेले."

मुदत संध्याकाळपर्यंतच होती आणि मी अजून यादीकडे बघत होते. "काहून एवढा विचार करून राह्यल्या, ताई? सारं वावर सोडून त्याहीनं हाच वाण खाल्ला, म्हंजे चांगलाच असन." मला हे पटलं, पण त्यालाही रकाना नव्हता.

शेवटी मी 'माहिती उपलब्ध नाही' निवडलं. माहिती होती, सर; ती उकरलेली माती मी स्वतः पाहून आले होते. हिरवी खूण आली, वाण वाचला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते: तुम्ही ती फाईल माझ्यासमोर परत आपटली असती हे ठाऊक असूनही, त्या हिरव्या खुणेकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले.