चोच उघडणारी कोंबडी

१८ जानेवारी
टेट, आमच्या व्हिएतनामी नववर्षाचा सण, तोंडावर आलाय. नदीकाठच्या बाजारात कोंबड्यांपेक्षा माणसांचाच कलकलाट! नेहमीप्रमाणे बर्ड फ्लूच्या तपासणीचे नमुने घेतले. कोंबडीवाली थोआ मावशी ओरडली, "आल्या डॉक्टरीणबाई! पोरी, लग्न कर आता. किती दिवस कोंबड्यांच्या तोंडात काड्या घालणार?" सगळे हसले. मीही.

२२ जानेवारी
रिपोर्ट निगेटिव्ह. वर्षभर आमचा बाजार स्वच्छ! झिऊताईला सातवा लागलाय. "टेटची कोंबडी कुठून घेऊ गं?" म्हणाली. म्हटलं, थोआ मावशीकडून घे, डोळे झाकून.

२५ जानेवारी
आज पुन्हा नमुने घ्यायला गेले.
पुढच्या पिंजऱ्यातल्या तांबड्या कोंबडीसमोर कापसाची काडी धरली — आणि तिने आपणहून चोच उघडली! कोंबडी असं कधी करते? धरावी लागते, चोच दाबावी लागते, नखांचे ओरखडे सोसावे लागतात. बाजारातली कोंबडी एक-दोन दिवसांत कापली जाते. तिला माझी सवय लागलीच कशी?
मावशीचा चेहरा पडला. "अगं, पुढचा पिंजरा तुझ्यासाठीच ठेवलेला असतो. त्यातल्या कोंबड्या विकत नाही आम्ही. तुझं काम होतं, आमचा धंदा चालतो. कुणाचं काय वाईट झालं?"
म्हणजे वर्षभर मी त्याच त्या कोंबड्या तपासत होते! इतकी आंधळी? मागच्या पिंजऱ्यांचे नमुने घेतले, कापायच्या ओट्याचेही.

२७ जानेवारी
सगळे पॉझिटिव्ह. ओटासुद्धा.

२८ जानेवारी
बाजार बंद. आमच्या खात्याचीच माणसं मारलेल्या कोंबड्या पोत्यांत भरत होती. तांबडीही गेली. मावशी भिंतीला टेकून म्हणत होती, "टेटच्या आधीच का गं?"
ताईला फोन केला. तिने अजून घेतली नव्हती — रडूच फुटलं मला! "आता पुलापलीकडच्या बाजारातून घे," म्हटलं. "तिथे दुसरा तपासनीस आहे. रिपोर्ट मी पाहिलेत, चोख आहेत."
"नक्की ना?"
"नक्की."

३० जानेवारी
ताईचा फोन. पुलापलीकडून कोंबडी आणली, तिथेच कापून घेतली, घरी स्वतःच्या हातांनी साफ केली. "गुटगुटीत होती गं!"

३१ जानेवारी
आज मला पुलापलीकडे पाठवलं. त्या बाजारात मी पहिल्यांदाच. कुणी ओळखीचं नाही.
पिशवीतून काडी काढली. पुढच्या पिंजऱ्यातल्या पाचही कोंबड्यांनी चोची उघडल्या.