तुझ्या बाजूचा काळा स्क्रीन

सगुणा,

मी रोह्याला तुझ्या माहेरी चाललोय. तू लगेच मागून ये. मला एकट्याला त्या दारात उभं राहवणार नाय.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकल्यापासून, तू छपाईआधी वाचतेस तो तुझ्या बाजूचा दुसरा स्क्रीन काळाच हाय. वायर बदलली, कार्ड काढून लावलं, काय उपयोग नाय. तू म्हणालेलीस, मी वाचल्याशिवाय छापू नका. मी ऐकलं नाय. जुन्या पत्रिकेतच नावं बदलून तुझ्या बहिणीची लग्नपत्रिका केली, एकट्यानेच तपासली. तुझ्या जित्या बाबांच्या नावाआधी जुनं 'कै.' तसंच राहिलं.

आत्ता तुझ्या भावाचा फोन आला. पार खांब गावापर्यंत पत्रिका वाटून झाल्यात. बाबांनीही वाचली. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "जावयाने छापलंय, म्हणजे बरोबरच असेल."

प्रविण